माळा आणि उंदरांचं निमित्त

लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा सासरी खोल्या दोन आणि माणसं सात. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सासऱ्यांचं भुसार दुकान पुन्हा सावरत होतं आणि पत्र्याखालचा लाकडी माळा तुरीच्या पोत्यांनी भरला होता. मी सासू-नणंदांच्या ओळीत झोपायची, नवरा दुकानात पोत्यांवर. लग्नानंतर कितीतरी महिने आमचं बोलणं म्हणजे "पाणी देऊ?" आणि "दे". आमच्यापेक्षा ती पोती सुखी होती.

शेवटी देवळात जाता-येता आमचं ठरलं, वेगळं निघायचं. त्यानं सात रस्ता चौकाजवळ भाड्याची एक खोली बघूनही ठेवली. फक्त आईला सांगायचा धीर होत नव्हता. थोरला लेक बाहेर पडला की घर फुटलं, असंच तेव्हा मानत. मला तर आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, तोंडाकडे बघवत नव्हतं.

एके दिवशी भाकरी वाढता वाढता आत्याबाई म्हणाल्या, "माळा रिकामा करायचा हाय. उंदरं लई झालीत."

"आन् तूर कुटं ठिवायची?" सासऱ्यांनी विचारलं.

"माज्या उशाला ठिवा."

सासऱ्यांनी पुढची भाकरी मोडली. पोती खाली आली की उंदरंही मागोमाग खाली येणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण बोलायची छाती कुणाचीच झाली नाही.

पोती उतरली. चुन्यात नीळ कालवून मी भिंती रंगवल्या, त्यात निम्मा रंग माझ्या केसांनाच लागला. पत्रा उन्हात तव्यासारखा तापायचा, म्हणून आत्याबाईंनी आहेरासाठी जपून ठेवलेल्या दोन नव्याकोऱ्या चादरी ट्रंकेतून काढल्या, दाभणानं एकमेकींना जोडल्या आणि वाशांना छत म्हणून ठोकायला लावल्या.

"अव्वा, उंदरांना मोराची नक्षी कशाला गं?" धाकट्या नणंदेनं आईला विचारलं. तिला पाठीत धपाटा मिळाला.

खोली कुणासाठी होतेय ते मलाही कळत होतं. पण कळलंय असं दिसू नये, म्हणून मी एक शहाणपणा केला. दुकानातलं महादेवाचं कॅलेंडर आणलं, खळ करून समोरच्या भिंतीवर डकवलं, वर उदबत्तीही लावली. खोली अगदी सोज्वळ दिसायला लागली.

आत्याबाई शिडी चढून वर आल्या. क्षणभर बघत राहिल्या. मग कॅलेंडर अलगद सोडवून त्यांनी कपाळाला लावलं.

"देवाला हितं कशाला आणलंस? त्याला खाली बरं हाय की."

देव खाली गेले आणि त्या जागी त्यांनी ट्रंकेतला स्वतःचा आरसा टांगला. लाजेनं माझे कान तापले. त्याही माझ्याकडे बघत नव्हत्या. पण लगेच उतरल्या नाहीत. अंथरलेल्या गादीच्या कडेला टेकल्या आणि वरच्या मोरांकडे बघत म्हणाल्या, "मला चार लेकरं झाली. पर ह्यांच्यासंगं पोटभर बोलणं कदी झालं न्हाय. तुमी बोला."

मला रडूच आलं. ह्या बाईला सोडून मी निघाले होते! त्यांना काही सांगायला तोंड उघडलं तर त्या केव्हाच शिडीवरून खाली गेल्या होत्या.

संध्याकाळी नवरा दुकानातून आला तो संकोचत वर चढला. भाड्याची खोली नको, मी त्याला म्हटलं. "का?" म्हणाला. मग मी सांगत गेले, तो सांगत गेला. लहानपणी त्याला अंधाराची भीती वाटायची, हेसुद्धा मला त्या दिवशी कळलं. खाली भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. आमच्या घरी दिवेलागण झाली की जेवायची हाक यायची. त्या दिवशी आत्याबाईंनी ती फार उशिरा दिली.