नारळाचं बिल कुठून आणू?

आणि एवढं करून वर हे विमावाले मेसेज पाठवतात, आमच्या सेवेला किती स्टार देणार? महिनाभर डोकं खाल्लं माझं, आता स्टार पाहिजेत...

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी मस्कतला एसीच्या डक्टचं काम करतो. नववीत शाळा सोडली, वालीवला दोन-चार कारखान्यांत हात मारून बघितला, कुठेच टिकलो नाही. इथे टिकलोय.

आईबाबा गावी, वटारला असतात, तिथे आमची केळीची वाडी आहे. दोघं कधी विमानात बसले नाहीत, म्हणून केरळची टूर बुक केली. बुक करताना खाली विम्याचा चौकोन होता, त्यावर टिक केली... आयुष्यात पहिल्यांदा.

निघायच्या आठवडाभर आधी बाबांना कावीळ झाली. टूर रद्द केली. टूरवाले म्हणाले, अडतीस हजार परत मिळणार नाहीत, विम्याकडून घ्या. म्हटलं ठीक आहे, त्यासाठीच तर काढलाय.

विमा कंपनीतून एक मुलगी बोलली. आवाज गोड. "सर, डॉक्टर का सर्टिफिकेट और बिल भेज दीजिए."

आता आमच्या घरात कावीळ झाली की डॉक्टरकडे कोणी जात नाही. पलीकडच्या आळीत एक काका आहेत, ते झाडपाल्याचं औषध देतात. सकाळी उपाशीपोटी दुधातून घ्यायचं, तेल-हळद बंद. पैसे घेत नाहीत... घेतले तर औषधाचा गुण जातो म्हणतात. समोर नारळ ठेवायचा आणि निघायचं. आता नारळाचं बिल कुठून आणू?

त्या मुलीला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "सर, काका का रजिस्ट्रेशन नंबर होगा?"

मग बाबांना फोन केला, डॉक्टरला दाखवा, कागद घ्या. बाबा तापले. "कावीळ मला झालीय, त्या पोरीला कशाला पटवून द्यायचं? आणि मधेच इंग्लिश औषध घेतलं तर आधीचं सगळं फुकट." आई मागून ओरडली, "जेवण जात नाही, रात्रभर अंग खाजवत बसतात, ते सांगा की त्याला!" बाबा म्हणाले, "तू गप."

दोन दिवस भांडलो. शेवटी म्हटलं, स्वतःसाठी जाऊ नका, अडतीस हजारांसाठी जा. तेव्हा कुठे शर्ट घातला त्यांनी.

डॉक्टरांनी डोळे बघितले, रक्त काढलं, सोनोग्राफीला पाठवलं. साधी कावीळ नव्हतीच. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता, झाडपाल्याने तो हलणार नव्हता. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर जिवावर आलं असतं, आजच अ‍ॅडमिट व्हा. यावर बाबांनी विचारलं काय... "सर्टिफिकेट मिळेल ना?"

दुर्बिणीने खडा काढला. आईची भिशी त्यात गेली, माझा पगारही गेला. आत एक छोटी प्लास्टिकची नळी ठेवलीय, ती थोड्या दिवसांनी काढायची आहे. ती काढलीच पाहिजे, राहिली तर पुन्हा तेच दुखणं.

इकडे मी विम्याला सगळी फाइल पाठवली. रिपोर्ट, बिलं, सर्टिफिकेट, सही-शिक्क्यासकट. उत्तर आलं, क्लेम नामंजूर. कारण टूर आधी रद्द केली आणि डॉक्टरकडे नंतर गेलात. म्हणजे आजारी पडायच्या आधी पण कागद पाहिजे का? वरच्या साहेबाकडे तक्रार टाकलीय, सोडणार नाही.

पण खरं सांगू... त्या मुलीने कागदासाठी पिच्छा पुरवला नसता तर बाबा अजून दुधातून पाला पीत बसले असते. तिचे आभार मानू की कंपनीशी भांडू? सध्या दोन्ही करतोय.

नामंजूर झाल्याचं बाबांना सांगितलेलं नाही. नळी काढायचा विषय काढला की म्हणतात, "माझ्यापायी तुझे एवढे बुडाले. क्लेमचे आले की बघू." माझ्याकडून आता एक रुपया घेणार नाहीत, विम्याचे मात्र हक्काने घेतील. म्हणून काल फोन करून सांगून टाकलं, क्लेम पास झाला. तर मलाच म्हणाले, "बघ, कागद नीट असले की देतात. तू उगाच त्या पोरीवर चिडत होतास."

वटारच्या मित्रांनो, बाबा फेसबुकवर नाहीत. नाक्यावर भेटले तर तोंड उघडू नका... एकदम एवढे माझ्याकडे नाहीत, म्हणून कंपनी दोन हप्त्यांत देते असं सांगून ठेवलंय. पहिला हप्ता आज पाठवतोय... एकोणीस हजार.