सुलभाला दातांत दिसलेलं वय

सुलभा गेल्याचा फोन तिच्या यजमानांनी, वसंतरावांनी केला, तेव्हा मी किन्हवलीच्या घरी तांदूळ निवडत होते. "झोपेतच गेली," एवढंच ते म्हणाले. महिना उलटला त्याला.

सुलभा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, शहापुरात सरकारी दवाखान्यात दातांची डॉक्टर. जन्माची नोंद नसलेल्या मुलांचं वय ठरवायचं असलं की पोलीस त्यांना तिच्याकडे आणत. जबड्याच्या एक्स-रेत दातांची मुळं किती वाढलीत ते पाहून ती वयाचा अंदाज देई. कमल तिच्याकडे आली ती हळदीच्या अंगानं. वैशाखरे गावाकडची, आईबाप नसलेली, चुलत्याकडे वाढलेली मुलगी. कुणी तक्रार केली म्हणून लग्न थांबलेलं. चुलता हात जोडून म्हणाला, "बाई, अठरा लिवा. पोरीचं भलं व्हईल." पण अक्कलदाढांची मुळं नुकती कुठे धरू लागली होती. सुलभानं साधारण पंधरा लिहिलं. कोर्टात वकिलानं छेडलं, तेव्हा तिनं सांगितलं की दात जन्मतारीख सांगत नाहीत, वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतं. पण कितीही ताणलं तरी ही मुलगी अठराची नाही.

लग्न मोडलं. बाहेर आल्यावर कमल तिला म्हणाली, "तुमी खरं तेच लिवलं असंल. पन लगीन झालं असतं तर चुलत्याच्या घरातनं सुटले असते मी."

सुलभा तिथून थेट माझ्याकडे आली. चहा तसाच निवला. "वय सांगितलं की माझं काम संपलं, असं समजत होते मी..." मी शिकवायचे त्या शाळेशेजारच्या वसतिगृहात कमलला जागा मिळेपर्यंत तिनं अधिकाऱ्यांचा पिच्छा सोडला नाही. कमल पुढे कित्येक महिने तिच्याशी बोलली नाही. सुलभा तरी यायची, थोडा वेळ बसायची, जायची. एकदा कमलनंच विचारलं, माझा वाढदिवस कोणता धरायचा? तुला आवडेल तो, असं सुलभा म्हणाली, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. शिवण शिकली, मुरबाडला दुकानात लागली, पुढे आपल्या पसंतीनं लग्नही केलं.

परवा कमल लेकीला घेऊन सापगावला सुलभाच्या घरी आली. मीही होते. सुलभा कुठल्याही मुलाला वय विचारायची नाही, नुसतं 'हस बघू' म्हणायची. वसंतराव त्या पोरीकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "हस बघू."

ती हसली. पुढचे दुधाचे दात पडलेले, नव्याची कड वर आलेली.

"सातवं चालू आहे ना गो?" त्यांनी विचारलं.

कमलनं पदर डोळ्यांना लावूनच मान हलवली.