खालची ओळ

आमच्या चर्चच्या मंडळीत केराबाई साळवेंचं नाव निघालं की चार माणसं डोळे मिटून उसासा टाकतात. "वाद घालणारी बाई," म्हणतात. मीही म्हणायचो. मंडळीचा सेक्रेटरी या नात्याने जरा मोठ्यानेच म्हणायचो. आज कुणी तसं म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि त्यातला निम्मा राग माझ्यावरच असतो.

केराबाई सोलापुरात शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत राहतात. वय सत्तरीच्या आसपास, नक्की आकडा त्यांनाही माहीत नाही. एकतीस वर्षं त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली. टॉवेल पसरायचा, हात फिरवायचा, उलटायचा, पुन्हा हात फिरवायचा. सुटलेला धागा, डाग, विरळ वीण दिसली की बाजूला टाकायचा. घाईघाईत वरचा कोपरा बघून ढीग पुढे सरकवणाऱ्या बायकांची त्या खरडपट्टी काढायच्या. "आख्खा पसर की गं! गिऱ्हाईक काय कोपऱ्यानं अंग पुसतंय?"

चौतिसाव्या वर्षापर्यंत त्यांना अक्षर येत नव्हतं. सतराव्या वर्षी लग्न झालं, आणि नवरा मारायचा. त्या रडत रडत तेव्हाच्या पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, गेल्या. पाळकांनी बायबल उघडून एक ओळ वाचून दाखवली, की बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं, आणि डोक्यावर हात ठेवून, प्रार्थना करून घरी पाठवलं. एकदा नाही, पाच-सहा वेळा. दर वेळी तीच ओळ. पुढे नवरा वारला, कारखान्यात साक्षरतेचा वर्ग निघाला आणि केराबाई वाचायला शिकल्या. शिकल्यावर सगळ्यात आधी त्यांनी ते पान शोधून काढलं. त्या ओळीच्या बरोबर वर लिहिलं होतं की सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन असावं. आणि खाली नवऱ्यांना सांगितलं होतं की बायकोला स्वतःच्या देहासारखं जपा. नवऱ्यांना सांगितलेलं बायकांना सांगितल्यापेक्षा कितीतरी लांब होतं.

"सतरा वर्सं मला अर्धं पान वाचून दाखवलं, सेक्रेटरी," त्या मला एकदा म्हणाल्या. "उरलेलं अर्धं तितंच व्हतं की. कुनी बोट खाली सरकवलं न्हाय."

तेव्हापासून त्या बोट ठेवून वाचतात. एक अध्याय संपायला तासभर लागतो. हे कोण बोलतंय, कुणाला बोलतंय आणि त्याच्या आधी काय झालंय, एवढं कळल्याशिवाय बोट पुढे सरकत नाही. उपदेश चालू असताना हात वर करून विचारतात, "पाळकसाहेब, वरची ओळ बी वाचा की." मागच्या बाकांवर खसखस पिकते. पाळकसाहेबांचा चेहरा आंबट होतो. आम्ही मोठे श्रद्धावान, आम्हाला वरची ओळ कशाला हवी!

आता वचनांच्या कार्डांबद्दल सांगतो, कारण तो माझा उद्योग होता. एक जानेवारीला सकाळी वर्षाची पहिली उपासना होते. वेदीपाशी मखमलीचा कागद लावलेली पेटी ठेवतात. प्रत्येकाने प्रार्थना करायची आणि डोळे मिटून एक कार्ड उचलायचं. त्यावरची बायबलमधली ओळ म्हणजे त्या वर्षासाठी देवाने तुम्हाला दिलेलं वचन. कुणी ते फ्रीजवर लावतो, कुणी पाकिटात ठेवतो, कुणी मोबाईलच्या स्टेटसला टाकतो. ओळी मी निवडायचो आणि नवी पेठेतल्या एका छापखान्यातून कार्डं छापून आणायचो. निवडताना फक्त गोड गोड घ्यायचो. जिथे देव कुणाला खडसावतो ते सगळं सोडून द्यायचो. शिवाय कार्डावर दोनच ओळी मावायच्या, कारण वर गुलाबाचं फूल लागायचं.

दोन वर्षांपूर्वी केराबाई पिशवीत तसली वीसेक जुनी कार्डं घेऊन माझ्या घरी आल्या.

"ह्या ओळी कुटनं कापल्या तुमी? आदी काय हाय, नंतर काय हाय, वाचलं का?"

"बाई, लोकांना आशीर्वाद हवा असतो," मी म्हणालो. "परीक्षा नको असते."

"आशीर्वाद कुनाला दिलाय ते तरी बघा. दुसऱ्याच्या नावचं पाकीट आपन फोडत न्हाय की."

हे मी कमिटीच्या बैठकीत त्यांच्या आवाजाची नक्कल करून सांगितलं. सगळे पोट धरून हसले. चहाही गार झाला, इतके हसले.

सुवार्ता रणपिसे जुळे सोलापूरला आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायची. नवरा शहाजी. चांगली नोकरी, उपासनेत बाजाची पेटी वाजवतो, प्रार्थना करताना डोळ्यांत पाणी आणतो. दोन वर्षं मला वरून आवाज यायचे. आधी भांडं पडल्याचा आणि मग भांड्यापेक्षा जड काहीतरी पडल्याचा. मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. हे लिहिताना माझे कान जळतात, पण मी वाढवायचो.

या जानेवारीत सुवार्ताच्या हाती आलेल्या कार्डावर होतं: देव तुमच्यासाठी लढेल, तुम्ही फक्त शांत राहा. आठवड्याभरात ती सुजलेला डोळा घेऊन पाळकसाहेबांकडे आली. मी तिथे कमिटीच्या कामासाठी बसलो होतो. ती म्हणाली, आता सहन होत नाही, पोलिसांत जाऊ का? पाळकसाहेबांनी विचारलं, "यंदा वचन कोणतं आलं?" तिने पर्समधून कार्ड काढून दिलं. ते वाचून त्यांचा चेहरा उजळला.

"बघा! देव स्वतः बोलला. शांत राहा म्हणतो. पोलिसांत जाणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. आणि शहाजी आपलाच माणूस आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. झाकली मूठ राहू द्या."

ती माझ्याकडे बघत होती. ज्याने ती ओळ कापली, ज्याच्या डोक्यावर ती रोज पडत होती, त्या माझ्याकडे. मी म्हणालो, "आमेन."

मार्चमध्ये बायकांची मंगळवारची प्रार्थनासभा सुवार्ताच्या घरी ठरली. शहाजी कामावर गेला होता. पाळकसाहेब बाहेरगावी होते, म्हणून वाचन घ्यायला मला पाठवलं. सात-आठ बायका जमल्या होत्या. सुवार्ता डाव्या हाताने चहा देत होती. उजवं मनगट पट्टीने बांधलं होतं. "पाय घसरला," ती म्हणाली. एकीने "जप गं" म्हटलं आणि बशीत बिस्कीट बुडवलं. हे सगळं, पाळकसाहेबांनी कार्ड दाखवून तिला परत पाठवल्याचंसुद्धा, सगळ्यांना माहीत होतं. मूग गिळून बसायची आम्हाला इतकी सवय झाली होती की ते गिळताना घसाही दुखत नव्हता.

केराबाईंनी कप घेतला नाही. त्यांचं लक्ष फ्रीजवरच्या कार्डाकडे होतं. त्या उठल्या, जवळ जाऊन एकेक अक्षर वाचलं आणि वळल्या.

"सुवार्ता, बायबल आन. तूच वाच. ही ओळ कुटली हाय?"

मी घसा खाकरला. "केराबाई, आजचं वाचन मी दुसरं काढलंय."

"तुमचं काढून झालं, सेक्रेटरी. आता आमी काढतो."

सुवार्ताने पान काढलं. केराबाईंनी तिला दहा ओळी वर नेलं आणि सावकाश वाचायला लावलं. मिसर देशातून गुलाम पळून निघालेत, पुढे समुद्र आहे, मागून राजाचे रथ आलेत. लोक घाबरून त्यांच्या पुढाऱ्यावर, मोशेवर, ओरडतात. म्हणतात, इथे मरण्यापेक्षा गुलामीच बरी होती. तेव्हा मोशे त्यांना धीर देतो की देव लढेल, शांत राहा. सुवार्ता थांबली. माझं कार्ड तिथे संपलं होतं.

"थांबलीस का? खाली वाच की."

तिने वाचलं. खालच्या ओळीत देव मोशेला विचारतो, माझ्याकडे ओरडत काय बसलास? लोकांना सांग, पुढे चला.

तिने ते परत वाचलं.

मी लाजेने पेटलो होतो, आणि लाज वाटली की माणूस आधी वाद घालतो. म्हणालो, "बाई, आता तुम्हीही तेच करताय. तुम्हीही एक ओळ काढून तिच्या माथी मारताय."

केराबाई माझ्यावर अशा कडाडल्या की खालच्या रस्त्यावर ऐकू गेलं असेल. "न्हाय! ही ओळ तिच्यासाठी लिवलीच न्हाय. ना वरची, ना खालची. ती मिसरातनं निघालेल्या मानसांची हाय. देव गुलामांना सोडवतो, मालकाच्या घरी परत पाठवत न्हाय, येवढं त्यातनं शिकायचं. पर तुमी तिला कार्ड दिलं न्हवं? तिच्या तोंडावर कुलूप म्हनून लावलं न्हवं? मग सबंद द्यायचं व्हतं! निम्मं देऊन तिला मार खायला बसवली तुमी. मला बसवली तशी."

मग त्या सुवार्ताकडे वळल्या आणि आवाज खाली आणला. "पोरी, मी तुला जा म्हनत न्हाय, ऱ्हा बी म्हनत न्हाय. हाड तुझं मोडलंय. देव तुला ऱ्हा म्हनला, असं जे सांगितलं ते खोटं हाय, येवढंच मला म्हाईत. आता तुझं तू बोल."

सुवार्ताने बायबल मिटलं. मग म्हणाली, "मला जायचंय. आत्ता. तो यायच्या आत."

बायकांनी चहाचे कप खाली ठेवले. बिस्किटवालीने कपाटातून सुवार्ताचे कपडे काढून पिशवीत भरले, आणि भरताना ती रडत होती. केराबाईंनी जिन्यात माझा दंड धरला. एकतीस वर्षं कापड चाचपलेला तो हात.

"तुमी हिच्या खाली ऱ्हाता. तुमाला ऐकू यायचं का न्हाय?"

त्यांनी दंड सोडला नाही. मी रिक्षात त्यांच्याबरोबर बसलो.

आधी दवाखान्यात गेलो. मनगटाचं हाड खरंच मोडलेलं होतं. तिथला कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तोवर कुणीतरी पाळकसाहेबांना कळवलं असावं, कारण माझा फोन सारखा थरथरत होता. तिसऱ्यांदा उचलला. "सेक्रेटरी, मंडळीची अब्रू वेशीवर टांगताय तुम्ही! त्या बाईला आवरा!" मी म्हणालो, "साहेब, ती बाई आपल्या सगळ्यांत एकटीच वाचते," आणि फोन बंद केला. मंडळीतल्या पस्तीस वर्षांत पाळकांना मी उलटून बोललो नव्हतो. बोलल्यावर अभिमानबिभिमान काही वाटला नाही. उशीर झाल्याचं तेवढं वाटलं.

सुवार्ताचा जबाब तासभर चालला. केराबाई शेजारी बसल्या होत्या. एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. मग हवालदार बाईंनी विचारलं, कुणी साक्षीदार आहे का? सुवार्ताने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने ती आशा केव्हाच सोडली होती. मी खुर्ची पुढे ओढली.

नाव, पत्ता, मजला सांगितला. कसले आवाज, किती वेळा, कोणकोणत्या महिन्यांत, सगळं सांगितलं. बाई भराभरा लिहीत होत्या.

"म्हणजे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दोन वर्षांपासून."

त्यांचं पेन थांबलं. "मग दोन वर्षं काय करत होतात?"

"प्रार्थना," मी म्हणालो.

बाईंनी ते लिहिलं नाही.