थोरली, धाकटी आणि फौजदार सर

आमचे मराठीचे सर हजेरी घेताना नुसत्या ‘हजर’वर विश्वास ठेवत नसत. चष्मा खाली ओढून तोंड पाहत, मगच खूण करत. पोरं त्यांना फौजदार म्हणत.

कथाकाव्यातल्या माणसांवरही त्यांची तीच नजर. सर सारंगखेड्याचे, घोड्यांच्या बाजारात वाढलेले. म्हणत, “एकटा घोडा सगळ्यांनाच चांगला दिसतो. शेजारी दुसरा उभा करा, मग चाल कळते.” फळ्यावर मधोमध रेघ ओढून ते दोन माणसं समोरासमोर मांडत. “आता सांगा, हा मुळात चांगला, की त्या दुसऱ्यामुळे तसा दिसतो?”

दहावीला दोन जावांची कविता होती. दुष्काळात थोरली दारी आलेल्याला भाकरी देते; धाकटी कोठीला कुलूप लावते. सगळ्या वर्गाने धाकटीला नावं ठेवली. मी लिहिलं, ‘धाकटीने कुलूप लावलं, म्हणून थोरलीजवळ द्यायला भाकरी उरली.’

“कुठल्या मोबाइलमधून उतरवलंस?”

“माझंच आहे, सर.”

“वाटत नाही. उद्या वडिलांना घेऊन ये.”

शाळेतून एक जरी तक्रार आली तरी शिक्षण बंद, असं आबांनी बजावलं होतं. आमच्या घरात दहावीपुढे कुणीच गेलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावाहून, कोरीटहून, आबा आले आणि टोपी हातात घेऊन उभे राहिले. सरांनी मला विचारलं, “ही धाकटी तुला कुठे भेटली?”

घाबरून मी घरच्याच बोलीत बोलले, “घर मा, सर. थोरली मन्ही काकू. धाकटी मन्ही माय.”

आबांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते. “खरं शे, गुरुजी. किल्ली तिन्हा कंबरलेच ऱ्हास. पन तिन्हामुळेच आमनी चूल पेटस.”

सरांनी आपली खुर्ची आबांपुढे सरकवली. “बठा, आबा. मन्ही चूक झायी.” वर्गात शुद्ध मराठीचा हट्ट धरणाऱ्या सरांच्या तोंडून अहिराणी मी तेव्हा प्रथमच ऐकली. “हिला पुढे शिकवा.”

“शिकाडसू.”

“तुमच्यावर माझा विश्वास नाही. मी येऊन पाहीन.”

जूनमध्ये ते खरंच आमच्या दारात आले. आबांनी माझा प्रवेशाचा कागद आणून दिला. सरांनी तो उजेडात धरून शिक्का तपासला, चहा घेतला आणि गेले. मी बी.ए. होईपर्यंत त्यांनी एकही जून चुकवला नाही.