फेल्ट मी निवडलं होतं

मालवणच्या बाजारात त्या काळी उघड्या डोक्याने फिरणारा पुरुष म्हणजे एक तर सुतकातला, नाही तर मुंबईला कॉलेजात जाऊन बिघडलेला. बाकी सगळ्यांच्या डोक्यावर टोपी. काहींची पांढरी, खादीची. मास्तर, कारकून आणि व्यापारी मंडळींची काळी, फेल्टची. त्या काळ्या टोप्यांतल्या निम्म्याहून जास्त आमच्या दुकानातल्या असायच्या. हे मी बढाई मारायला सांगत नाही, असं म्हणणार होते. पण खरं म्हणजे बढाईच मारते आहे. कारण पन्नासच्या दशकाच्या शेवटी शेवटी, सलग दोन वर्षं, त्या टोप्या मी शिवत होते आणि हे घराबाहेर गावात कोणालाही ठाऊक नव्हतं.

बाबांचा उजवा हात एका सकाळी जेवणाच्या ताटातच लुळा पडला. पाय वाचले, बोलणं वाचलं, हात मात्र गेला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. कात्री, मशीन, डोक्याच्या आकाराचं लाकडी कलबूत, सगळं माझ्या हाताखालून गेलेलं होतं, कारण बाबांना मुलगा नव्हता आणि घरात माझ्याइतकं रिकामं दुसरं कोणी नव्हतं. आमच्या शेजारीच काकांचं किराणा दुकान. त्यांना मधली भिंत पाडून दुकान मोठं करायचं होतं. बाबा आजारी पडून पंधरा दिवस होतात न होतात तोच ते म्हणाले, "दादा, दुकान माका दी. तुझ्या हातान आता काय होवचा नाय. चेडवाचा लगीन करूक होया."

"चेडू शिवता," बाबा म्हणाले.

"चेडवान शिवलेली टोपी कोण घालतलो?"

पुरुषाच्या डोक्यावरची टोपी म्हणजे त्याची अब्रू, आणि ती एका लग्न न झालेल्या मुलीच्या हातची! तेव्हा बाबांनीच तोड काढली. दुकानाच्या मध्यावर जाड चादरीचा पडदा लावला. पुढे स्टुलावर बाबा बसणार, गिऱ्हाइकाशी बोलणार, डाव्या हाताने माप घेणार. मागे मी. मशीनचा आवाज आला तर 'पोरगी अस्तर घालता' असं सांगायचं. लोकांना ते पटलं, कारण लोकांना ते पटवून घ्यायचंच होतं.

माझा संताप तेव्हापासूनचा आहे. पडद्याच्या आड बसून मी गिऱ्हाइकांना ऐकायची. बाजारातले कौलांचे मोठे व्यापारी, त्यांना सगळे शेट म्हणत, दिवाळीत नवी टोपी घेऊन गेले तेव्हा बाबांना म्हणाले, "टोपीवाल्यानू, एक हात गेलो, पण दुसऱ्यात सगळी कला उतरली तुमच्या." बाबा हसले. मी आत सुई बोटात टोचून घेतली. चुकून नव्हे.

शिवणं तसं अवघड नव्हे. अवघड ते फेल्ट निवडणं. फेल्ट म्हणजे विणलेलं कापड नव्हे. गरम ओली लोकर दाबून, चोळून, पुन्हा दाबून तिचा जाड पत्रा करतात. त्यात धागा नाही, उभं नाही, आडवं नाही. म्हणूनच लबाडी करायला सोपं. बाबांच्या तरुणपणी विलायती फेल्ट यायचं, ते बंद झालं. मग मुंबईचे व्यापारी गिरणीतलं फेल्ट पाठवू लागले आणि त्यात लोकर किती नि चिंध्यांचा भुगा किती हे देवालाच ठाऊक. गोव्याहून चोरून येणाऱ्या साहेबी हॅटा उसवून टोप्या करणारेही होते. काकांनी तो मार्ग सुचवला होता. बाबा म्हणाले, दुसऱ्याच्या डोक्यावरचा मळ मी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर घालणार नाही.

फेल्ट पारखायच्या बाबांच्या चार परीक्षा होत्या. एक कोपरा दातांत धरून ओढायचा; पापुद्रे सुटले तर माल गेला. त्यातले चिमूटभर केस उपटून दिव्यावर धरायचे. केस जळल्याचा वास आला तर लोकर, फडकं जळल्याचा आला तर सूत. पाण्याचा थेंब टाकायचा. तो मोत्यासारखा वर उभा राहिला पाहिजे. या तिन्ही परीक्षा कुठलाही टोपीवाला करतो. चौथी फक्त बाबांची. पांढरं फडकं समुद्राच्या पाण्यात भिजवून, फेल्टच्या घडीत घालून, वर पाटा ठेवून रात्रभर तसंच राहू द्यायचं. सकाळी फडकं काळं निघालं की माल परत. मुंबईचा व्यापारी रंग पक्का म्हणून छाती ठोकून सांगतो, पण तो नळाच्या पाण्यात बघून. "मुंबयचो घाम आणि मालवणचो घाम एक नाय," बाबा म्हणत. वैशाखात आमच्याकडे माणूस नुसता बसला तरी मिठागर होतो, हे त्या व्यापाऱ्याला काय कळणार.

फेल्ट बोटीने यायचं. बोट लांब उभी राहायची, माल पडावातून धक्क्यावर उतरायचा. बोट पुढे वेंगुर्ल्याला जाऊन दुसऱ्या दिवशी परतायची, म्हणजे माल नको असेल तर परत करायला एक रात्र हातात. पूर्वी बाबा स्वतः मुंबईला जाऊन निवडून आणत. हात गेल्यावर ते थांबलं आणि पारख माझ्याकडे आली. पहिल्याच खेपेला मी अख्खा गठ्ठा परत पाठवला. दातांनी ओढताच त्याचे थालिपिठासारखे तुकडे पडले. पत्र मीच लिहिलं, खाली नाव बाबांचं. व्यापाऱ्याचं उत्तर आलं, 'आपल्यासारख्या जुन्या पारख्यापुढे आम्ही काय बोलावे, क्षमस्व.' बाबांनी ते मला वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं. जुना पारखी म्हणे!

त्यानंतर जानेवारीत शेटच्या मुलीचं लग्न ठरलं. मुहूर्त वैशाखातला. व्याही वैभववाडीकडचे, शेतीवाडीचे, मानपानाला फार पक्के. वराकडच्या प्रत्येक पुरुषाला आहेरात उपरणं आणि काळी टोपी द्यायची होती. चाळीस टोप्या. शेट दुकानात येऊन बाबांना म्हणाले, "माझी लाज तुमच्या हातात." ते गेल्यावर काका आले. हे काम निभावलं तर आपण पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाही, नाही निभावलं तर मधली भिंत पावसाच्या आधी पाडायची, अशी अट त्यांनी बाबांना घातली. बाबांनी मान हलवली. मला कोणी विचारलं नाही. मी पडद्यामागे होते.

चैत्रात गठ्ठा आला. उघडला आणि मी त्याच्या प्रेमात पडले. दुसरा शब्द नाही. मांजराच्या पोटासारखं मऊ, काळं कुळकुळीत, हाताखाली गच्च. दातांनी ओढलं, हललं नाही. जाळलं, केसांचा वास. थेंब टाकला, उभा राहिला. चौथ्या परीक्षेसाठी तांब्या घेऊन धक्क्यावर जावं लागलं असतं. घरापासून पाच मिनिटांची वाट. मी गेले नाही. आळस नव्हता तो. मला वाटलं, तीन गोष्टी सांगतायत, माझी बोटं सांगतायत, आता आणखी बाबांच्या समुद्राला कशाला विचारायचं? पहिला गठ्ठा परत केल्यापासून माझ्या डोक्यात हवा गेली होती.

बाबांनी दुकान बंद करताना विचारलं, "खाऱ्या पाण्यान बघलंस?"

"होय, बघलंय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बोट मालवणला लागली आणि आमच्याकडून काही न घेता मुंबईला गेली.

चाळीस टोप्या मी पस्तीस दिवसांत केल्या. तशा टोप्या मी त्याआधी केल्या नव्हत्या, आणि हे मी आजही कोणापुढेही म्हणेन. कड अशी की बोट कापेल. बाबा एकेक टोपी डाव्या हातावर फिरवून बघायचे आणि पुढची मागायचे. काकांनीही एक घालून बघितली आणि आरशासमोर जरा जास्तच वेळ उभे राहिले.

लग्नात मी बायकांच्या बाजूला होते. अक्षता पडल्या, आहेर झाले, चाळीस माणसांनी नव्या टोप्या घातल्या. माझ्या टोप्या! मांडवात चाळीस ताठ काळ्या टोप्या एका रांगेत, आणि माझ्या शेजारच्या बाईला सांगायची सोय नाही. मग पंगत बसली. दुपारची वेळ, नारळाच्या झापांच्या मांडवात हवा कोंडलेली, पानात गरम वडे नि सांबार. पहिल्यांदा एका म्हाताऱ्याने कपाळ पुसलं आणि उपरणं बघितलं. मग शेजारच्याने. गंधावरून काळे ओघळ नाकापर्यंत आले होते. पोरं हसली, बायकांनी पदर तोंडात धरले. वराचा चुलता पानावरून उठला आणि ओरडला, "बोलावून आमच्या तोंडाला काळं फासलंत!" शेट हात जोडून पंगतीतून फिरत होते. बाबा खांबाला टेकून उभे होते आणि त्यांनी एकदाच बायकांच्या बाजूला, माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं.

घरी आल्यावर त्यांनी आपली टोपी काढून खुंटीला लावली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय न उघडतोय तोच शेट आले. बरोबर गड्याच्या डोक्यावर टोप्यांचं गाठोडं, आणि मागून निम्मा बाजार. काका आपल्या दारातून उतरून आलेच. मी पडद्यामागे. गाठोडं फळीवर आपटल्याचा आवाज आला.

"ह्या काय टोपीवाल्यानू? वीस वर्षां तुमची टोपी घालतंय. माझ्या चेडवाच्या लग्नातच तुमका ह्या सुचला?"

"चूक माझी," बाबा म्हणाले. "फेल्ट माका समाजला नाय. हात गेलो तशी नजर पण गेली."

"मी सांगतच होतंय," काका म्हणाले. "दादाक आता जमत नाय. दुकान बंद करूया म्हणान कधीपासून सांगतंय."

कोणीतरी मागून म्हणालं, म्हातारो संपलो. दोघेतिघे हळहळले. हळहळ खरी होती, तेच वाईट. जन्मभर समुद्राच्या पाण्यात फडकी भिजवणारा माणूस माझ्या खोटेपणापायी सगळ्यांदेखत आंधळा ठरत होता, आणि स्वतःहून ठरत होता. मी गप्प बसले असते तर मला कोणी काही म्हणणार नव्हतं. अस्तर घालणारी पोरगी ती, तिचा काय दोष? त्या सोयीची मला इतकी शिसारी आली की मी पडदा बाजूला सारून पुढे आले.

"बाबांनी नाय," मी म्हटलं. "फेल्ट मी निवडलंय. खाऱ्या पाण्यात बघूक होया होता, ता मी बघूक नाय. बाबांक बघलंय म्हणान खोटा सांगितलंय."

"आत जा गो," काका म्हणाले. "बापाक वाचवक इली."

"वाचवक नाय. चाळीसच्या चाळीस मी शिवलंय."

शेट हसले, रागातच. "तू? अस्तर घालणारी?"

"दोन वर्षां अस्तर घालतंय होय! बाबांच्या उजव्या हातान सुई तरी धरूक येता काय, विचारा त्यांका." माझा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची मला मुळीच इच्छा नव्हती. गाठोड्यातली एक टोपी घेऊन मी उलटी केली. "रंग गेलो, ती माझी चूक. शिवण बघा. कड बघा. कालच्या घामान भिजान सुद्धा वाकडी झालीसा? ती चूक माझी तर ह्या पण माझा. अर्धा माझ्या माथ्यार आणि अर्धा बाबांच्या, असा चलाचा नाय."

बाबा माझ्याकडे बघत नव्हते, ते शेटकडे बघत होते, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या वतीने काही सांगितलं नाही. शेटनी टोपी हातात घेतली. बोटाने कड तपासली. मग त्यांना काहीतरी सुचलं. त्यांनी आपल्या डोक्यावरची टोपी काढली, दिवाळीतली, आणि माझ्यासमोर धरली.

"ही पण?"

"ती पण."

त्यांनी ती आतून बघितली, बाहेरून बघितली. सहा महिने ते ती घालून कचेरीत गेले होते, देवळात गेले होते, लेकीच्या सोयरिकीला बसले होते. आता ती फळीवर टाकली तर भर बाजारातून उघड्या डोक्याने घरी जावं लागणार होतं. घातली तर सगळ्यांदेखत माझ्या हातची घालावी लागणार होती. काका त्यांच्याकडे आशेने बघत होते. मीही बघत होते, पण आशेने नव्हे. घालायची तर घाला, नाही तर जा तसेच, असं माझ्या मनात होतं आणि ते चेहऱ्यावर दिसत असणार.

शेटनी टोपी घातली. दोन्ही हातांनी सारखी केली. मग बाबांना ओलांडून थेट मला विचारलं,

"चाळीस टोपयो नव्यान शिवान कधी देशीत?"