मौनीबाबाचा पास

आमचा मुलगा मोबाइलवर बंदुकांचा जो गेम खेळतो, त्या गेमची कंपनी पुढच्या महिन्यात पुण्याला मेळावा भरवतेय. मोठ्या पडद्यावर सामने, गेममधल्या लोकांसारखे कपडे घालून हिंडणारी पोरं, नवीन काय येणार त्याच्या घोषणा, असं सगळं. चौघांच्या टोळीला मिळून पास मिळतो. मुलाच्या टोळीला तो मिळाला आणि तिथंच पंचाईत झाली. कारण त्या टोळीतली चौथी मी आहे, आणि हे त्याच्या मित्रांना माहीत नव्हतं.

मी मेडशी गावात अंगणवाडी चालवते. पन्नाशी उलटली. बंदुकीची मला काही हौस नाही. पण मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि फोनवर एकेका शब्दाचा झाला. "जेवला का?" "हो." "बरा हायेस ना?" "मस्त." झालं, ठेवला फोन. दिवाळीत घरी आला, तेव्हा मात्र मित्रांशी खेळताना तासभर खदखदून हसत होता. मी म्हटलं, मले बी शिकव. त्यानं थट्टेथट्टेत शिकवलं आणि मी शिकले. अंगणवाडीतली पोरं सांभाळणाऱ्या बाईला कोपऱ्यात कोण लपलंय ते बरोबर दिसतं.

पुढं त्यांचा चौथा गडी सोडून गेला, तेव्हा त्यानं मला घेतलं. पण अटी घातल्या. माइक बंद ठेवायचा, म्हणजे माझा आवाज त्यांना जाणार नाही. आणि त्यांचाही आवाज बंद ठेवायचा, कारण पोरं शिव्या देतात. मित्रांना सांगितलं, गावाकडचा चुलतभाऊ आहे, त्याचा माइक खराब आहे. त्यांनी माझं नाव मौनीबाबा ठेवलं.

माइक मी बंद ठेवला. त्यांचा आवाज काही बंद केला नाही. शिव्यांचं काय एवढं, आमच्या बसस्टँडवर याहून चांगल्या ऐकल्यात. संध्याकाळी कुकर लावायचा आणि कानात वायर घालून बसायचं. आमचे हे टीव्हीसमोरून म्हणायचे, "म्हातारपनी बंदूक धरली या बाईनं." म्हणोत बापडे. मला माझा मुलगा ऐकू यायचा. साहेब कसा छळतो, खोलीवर पाणी कसं येत नाही, कोणत्या पोरीनं नाही म्हटलं, सगळं.

पावसाळ्यात एकदा तो मित्रांना सांगत होता की टायफाइड झालाय, सलाइन लावून आलोय. त्याच दुपारी मला फोनवर म्हणाला होता, मस्त. पण बोलावं कसं? बोलले असते तर मी ऐकते हे कळलं असतं, आणि मग तो त्या खेळातही तोंड मिटून बसला असता. मी पेजेसाठी तांदळाची कणी आणि मुगाची डाळ बांधून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पाठवली. "हे काहून पाठोलं?" त्यानं विचारलं. म्हटलं, अशीच, घरी जास्त झाली होती.

आता हा पास. टोळीला मिळाला तरी तो ज्याच्या त्याच्या नावावर काढावा लागतो आणि दारात ओळखपत्र दाखवावं लागतं. माझं खातं माझ्या मोबाइल नंबरवर आहे. परवा मुलाचा फोन आला. "आई, तुले ओटीपी येईन. सांग जरा."

"कायले?"

"मेळाव्याले तुह्या जागी माह्या रूमवरचा पोरगा येऊन राह्यला. खातं त्याच्या नावावर करतो."

मी म्हटलं, "बचत गटात बँकेच्या बाईनं बजावलं हाय, ओटीपी सख्ख्या पोराले बी सांगाचा नाही."

तो हसला नाही. "आई, समजून घे ना. पोरं हासतीन मले."

मला वाईट वाटलं. पुण्याच्या मेळाव्याचं मला अप्रूप नव्हतं. पण खातं गेलं की माझी संध्याकाळ गेली. मग पुन्हा आपलं "जेवला का" आणि "मस्त". उद्या सांगते म्हणून मी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी खेळायला बसलो. त्याचे दोन्ही मित्र आधीच मेले. तो एका गोदामात खिडकीतून बाहेर नेम धरून बसला होता, मी लांब दुसऱ्या छतावर. त्याच्या पाठीमागून दोघं जिना चढत होते. मी खुणेचं बटण दाबलं, पण त्याचं लक्षच नव्हतं. मी माइक चालू केला.

"मांगं पाह्य, जिन्यात दोघं हायेत."

तो वळला आणि दोघांनाही त्यानं पाडलं. एक मित्र म्हणाला, "अरे, मौनीबाबा बाई आहे?" दुसरा म्हणाला, "कोण आहे रे ही?" ते मुलानं सांगायचं होतं. तेवढ्यात आमच्या कुकरची शिट्टी झाली, तीही त्या सगळ्यांना ऐकू गेली असणार.

"आई हाय माही," तो म्हणाला. "इतके दिवस तीच खेळून राह्यली."

पोरं हसली, पण त्याला नाही. एकजण म्हणाला, "काकू, माफ करा, आम्ही फार शिव्या दिल्या." म्हटलं, "बाळांनो, त्या काही शिव्या नव्हत्या." मग ते दोघं जेवायला गेले आणि आम्ही मायलेक उरलो.

"तू आमचं आयकत होती?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

"म्हंजे ती कणी..."

"हो."

"मंग बोल्ली काहून नाही?"

"बोल्ली असती तं तू सांगनं सोडलं असतं."

मग तो म्हणाला, "ओटीपी पाठोतो पुन्हा. तुह्याच नावाचा पास काढतो." मेसेज आला, मी आकडे वाचून दाखवले. आता बंद करेल म्हणून मी कानातली वायर काढायला गेले.

"आई," तो म्हणाला, "साहेबाचं तं तुले मालूमच हाय. आज काय झालं ते आयक."