लोरेचं उजवं शिंग

हेड्विग श्टुम्पशी वाकडं घेऊ नये, हे एल्मेरोडात पाळण्यातलं पोरही जाणतं. बाई साठीला टेकलेली, अंगानं काटक, जीभ कात्रीसारखी. नवरा लढाईवर रशियात गेला तो आलाच नाही, आणि सासऱ्याचा पाट्या रंगवायचा धंदा तिच्या गळ्यात पडला. खानावळीची पाटी, आगीच्या बंबाचं दार, नेमबाज मंडळाचं निशाण, सगळीकडे तिचाच हात. आणि सगळीकडे गावाचं मानचिन्ह असलेली ढाल: पिवळ्यावर काळी शेळी, एक शिंग मोडलेलं. वीस वर्षांत तिनं ती शेळी दोनशे वेळा तरी रंगवली असेल, आणि दर वेळी दातओठ खात रंगवली. कारण शेळी तिची होती आणि कागदोपत्री नाव होतं श्ट्राउब मास्तरांचं.

झालं होतं ते असं. ओढ्यापलीकडे वाल्मबाख गाव. त्यांच्याकडे पाणचक्क्या, आमच्याकडे शेळ्या. त्यांची पोरं पुलावर उभी राहून आम्हाला बघून बें बें करायची. त्यांचे आजेही तेच करत आले. त्रेपन्न साली आमच्या गावानं मानचिन्ह घ्यायचं ठरवलं, तेव्हा सभेत कुणी गरुड सुचवला, कुणी ओकचं पान. हेड्विग उठली आणि म्हणाली, "इतक्या पिढ्या शेळ्या म्हणवून घेतलं ना? मग शेळीच लावा कपाळावर. चिडवणाऱ्याला मग चिडवायला उरेल काय?" सभा हसली आणि तसंच ठरलं. भिंतीला चिकटवायच्या कागदाच्या पाठीवर तिनं आपली शेळी लोरे काढली. सत्तेचाळीसच्या उपासमारीत तिची मुलगी गिझेला जगली ती या लोरेच्या दुधावर.

सरकारशी पत्रव्यवहार करायचा तर गावात मास्तरच. तिनं कागद त्यांच्या हवाली केला. सरकारी दप्तरखान्याचं उत्तर आलं की ढालीवरच्या जनावराचं तोंड बघणाऱ्याच्या डाव्या हाताला असावं, ही तर उजवीकडे बघते आहे. मास्तरांनी काय करावं? कागद खिडकीच्या काचेला उलटा लावला, जसाच्या तसा गिरवला आणि खाली आपली सही ठोकली. उलटं गिरवल्यानं मोडकं शिंग उजव्याचं डावं झालं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सनद चौकटीत बसून आली, खाली 'रेखाटन: श्ट्राउब'. हेड्विग जाब विचारायला गेली तर म्हणतात कसे, "हेड्विगबाई, तुमच्या शेळीला मी वळण लावलं. आणि सनदेवर रंगारणीचं नाव शोभतं का?"

तिनं आपला मूळ कागद परत आणला आणि रंगाच्या डब्यांखालच्या खणात ठेवला. पुढं दरवर्षी ती ग्रामसभेत उठून म्हणायची, नाव दुरुस्त करा. दरवर्षी सभा म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. खानावळवाला आल्विन सगळ्यांत आधी म्हणायचा, कारण मास्तर त्याच्याकडे रोज बिअर प्यायला बसत.

चौऱ्याहत्तर साली सरकारनं दोन्ही गावं एक करून टाकली. कुणी आम्हाला विचारलं नाही. नाव त्यांचं, कचेरी त्यांच्याकडे, अध्यक्षही त्यांचाच, एगोन क्राफ्ट. एके सकाळी हा क्राफ्ट हेड्विगच्या कार्यशाळेत आला.

"नव्या कचेरीच्या भिंतीवर दोन ढाली हव्यात. डाव्या हाताला तुमची, उजव्या हाताला आमचं पाणचक्कीचं चाक. आणि शेळीचं तोंड चाकाकडे."

"का म्हणून? आमच्या शेळीनं तुमच्या चाकाला मुजरा का करायचा?"

"मुजरा नाही हो. दप्तरखान्याचं पत्र आहे, वाचा. दोन ढाली शेजारी असल्या की डावीकडची जागा मानाची. पण तिथल्या जनावरानं शेजाऱ्याकडे ढुंगण करून बसायचं नाही, वळून बघायचं. रीत आहे तशी."

"मग चाक वळवा."

"चाकाला तोंड कुठं असतं?"

"असतं की तुमच्या गावात. पाठीमागून बोलायला पुरतं."

क्राफ्टनं पत्र टेबलावर ठेवलं. "हे बघा, करायचं तर करा, नाहीतर मी नुसतं चाक लावतो. आणि नव्या सनदेत रेखाटनाखाली जुनंच नाव जाणार आहे. ते बदलायचं तर मास्तरांनी स्वतः लिहून द्यायला हवं."

त्याच दुपारी ती मास्तरांकडे गेली. मास्तर ऐंशीच्या घरातले, गुलाब छाटत होते. तिचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाले, "ते नाव माझ्याबरोबर थडग्यात येईल. या आता."

ती तणतणत घरी आली. ब्रश आपटले, डबे आपटले, खण ओढला तो पुरता बाहेर आला आणि कागद जमिनीवर पसरले. त्यांत लोरे होती. उजवीकडे बघत होती, चाक जिथं यायचं होतं बरोबर तिकडं. हेड्विगनं क्राफ्टचं पत्र पुन्हा वाचलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. ज्या रीतीनं तिची शेळी उलटी केली होती, तीच रीत आता तिला सुलटी करायला सांगत होती. ती खाली बसली आणि मास्तरांना, क्राफ्टला, सभेला, सगळ्यांना एकेक करून शिव्या दिल्या. मग उठून तिनं काळा रंग ढवळला.

शेळी चाकाकडे वळणार ही बातमी गावात पसरायला किती वेळ? आल्विननं तिला खानावळीच्या दारातच अडवलं. "जा तिकडं वाल्मबाखला, चाकाकडे तोंड करून जेव."

"तुझ्याकडे जेवण्यापेक्षा ते बरं," ती म्हणाली. "त्यांच्या सूपात निदान मीठ असतं."

दुसऱ्या दिवशी उजाडता तिच्या दारावर डांबरानं लिहिलेलं होतं, 'विकली गेली'. अक्षरं वाकडीतिकडी, एक लहान एक मोठं. हेड्विगचं डोकं असं फिरलं की विचारू नका. तीस वर्षं ज्या गावाच्या पाट्या रंगवल्या त्याला धड शिवीही लिहिता येऊ नये? तिनं पट्टी लावून तीच अक्षरं सरळ, ठसठशीत काढली आणि राहू दिली.

मे महिन्यातल्या रविवारी, भर दुपारी, कचेरीपुढं बँड वाजला. दोन्ही गावं जमली होती, निखाऱ्यावर सॉसेज चरचरत होते. क्राफ्टनं दोरी ओढली, कापड खाली आलं. लोरे चाकाकडे बघत उभी होती. वाल्मबाखच्या घोळक्यातून कुणीतरी बें केलं आणि आमची माणसं लालबुंद झाली. सगळे हेड्विगकडे असे बघू लागले की जणू तिनं गावच गहाण टाकलं आहे.

श्ट्राउब मास्तर काठी टेकत पुढं आले. आवाज अजून वर्गातलाच. "सगळ्यांसमक्ष सांगतो. हे चित्र माझं नव्हे. तोंड फिरवणाऱ्या या जनावराशी माझा काडीचा संबंध नाही, आणि याच्याखाली माझं नाव येता कामा नये."

"लिहून द्या," हेड्विग म्हणाली. झग्याच्या खिशातून तिनं पेन्सिल काढली.

"देतो की. घाबरतो काय?" कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी दोन ओळी खरडल्या, सही केली आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. हेड्विगनं कागद क्राफ्टच्या हातात दिला.

क्राफ्टनं तो मोठ्यानं वाचला. "मग रेखाटनाखाली मी लिहू कुणाचं नाव?"

आल्विन भिंतीजवळ जाऊन मान वर करून बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मोडकं शिंग उजवं आहे. लोरेचं उजवंच मोडलं होतं, माझ्या फाटकात अडकून. जुन्या ढालीवर डावं होतं. इतकी वर्षं माझ्या ध्यानात कसं आलं नाही?"

"ध्यानात आणायचं नव्हतं म्हणून," हेड्विग म्हणाली. घडी करून आणलेला मूळ कागद तिनं सगळ्यांपुढं उलगडला. तीच शेळी, तेच शिंग, कोपऱ्यात तिचं नाव आणि त्रेपन्न साल.

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी क्राफ्टपुढं हात केला. "तो कागद द्या इकडं."

"राहू द्या," हेड्विग म्हणाली. "तुमची सही वीस वर्षं माझ्या चित्राखाली होती. आता तुमच्याच अक्षराखाली आहे. शोभते तिथं."

क्राफ्टनं तिथंच तिचं नाव लिहून घेतलं. तिनं ते त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्विन बादली आणि ब्रश घेऊन तिच्या दारात उभा. "पुसून टाकतो, हेड्विग. चूक झाली."

"हात लावून बघ. वीस वर्षं सभेत एकटी उठत होते, तेव्हा कुठं होती तुझी बादली?"

आल्विन भरलेली बादली घेऊन तसाच परत गेला. त्या दारावर ती अक्षरं अजून आहेत. दर वसंतात हेड्विग त्यांच्यावर रंगाचा नवा हात देते.